याला हे कळलं कुठून?

वाचकाचं पत्र:

स.न. वि.वि.

एकतीस वर्षं धरणावर पाण्याच्या नोंदी ठेवल्या. आता निवृत्त आहे, त्यामुळे पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. परवा एका धरणाची बातमी आली (कात्रण सोबत जोडलं आहे). अर्ध्या कॉलमात चार चुका! विसर्ग म्हणे ‘प्रतिसेकंद २० हजार क्युसेक’. अहो, क्युसेकमध्ये ‘प्रतिसेकंद’ आधीच आलं. पुढे, ‘एका रात्रीत धरणात १२ हजार क्युसेक पाणी साठले’. क्युसेक हे वाहत्या पाण्याचं माप, साठ्याचं नव्हे. आणि बातमीत धरण ‘पूर्ण भरले’, शेजारच्या चौकटीत मात्र ९२ टक्के. मी हसलो, बायकोला वाचून दाखवलं, पान उलटलं आणि एका नव्या औषधाची बातमी मान डोलावत वाचली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आलं, पाण्याच्या बातमीत इतका घोळ, तर औषधाच्या बातमीत नसेल कशावरून? मला औषधातलं ओ की ठो कळत नाही. पुतण्या म्हणतो, ‘काका, सगळंच खोटं असतं, वाचूच नका.’ ते काही पटत नाही. पण जो विषय आपल्याला येत नाही, त्यातली चूक ओळखायची कशी? आणि संपादकांना पत्र लिहून काही उपयोग असतो का?

– एक जुना वाचक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून हसू आलं आणि लाजही वाटली. हसू तुमच्या कात्रणाचं, लाज माझी स्वतःची. मी बावीस वर्षं बातम्यांच्या डेस्कवर काढली आहेत आणि ‘प्रतिसेकंद क्युसेक’ माझ्या हातूनही नक्की गेलं असणार. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, हे मला कोणी शिकवलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. रात्री दहा वाजता पान सोडायचं असतं तेव्हा क्युसेकचा अर्थ विचारत बसणारी माणसं डेस्कवर फार टिकत नाहीत. (टिकायला हवीत, हे आता कळतं.)

तुम्हाला अंथरुणावर जे सुचलं त्याला नावसुद्धा आहे. मायकल क्रायटन या अमेरिकी लेखकाने त्याला ‘गेल-मान विस्मरण’ म्हटलं. आपल्या विषयातली बातमी वाचताना आपण चुकांवर हसतो, पान उलटतो आणि पुढची बातमी जणू दुसऱ्याच कोणी, फार हुशार माणसांनी लिहिली असावी अशा श्रद्धेने वाचतो. मरे गेल-मान हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांचा इथे संबंध एवढाच, की क्रायटन त्यांच्याशी याबद्दल एकदा बोलले होते. मोठ्या माणसाचं नाव चिकटवलं की आपल्या म्हणण्याला वजन येतं, हेही क्रायटन यांनीच मिश्कीलपणे सांगून टाकलं होतं. बातम्यांतही ही युक्ती रोज चालते. ‘नामवंत तज्ज्ञांच्या मते’ असं दिसलं की तज्ज्ञ कशातले, एवढं तरी बघावं.

आता तुमचा पुतण्या. त्याला रागावू नका, पण त्याचं ऐकूही नका. ‘सगळं खरं’ म्हणणारा आणि ‘सगळं खोटं’ म्हणणारा, दोघेही एकच कष्ट वाचवतात. त्याला एक आकडा देऊन ठेवते, म्हणजे तो खूश होईल. ओरेगॉन विद्यापीठाचे स्कॉट मायर यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या १४ दैनिकांच्या बातम्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ६१ टक्के बातम्यांत निदान एक तरी चूक निघाली. पुतण्या म्हणेल, बघा! तेव्हा त्याला विचारा: चुका मोजल्या कोणी? ज्यांच्याशी बोलून बातमी लिहिली गेली, त्याच लोकांना ती दाखवून विचारलं होतं. म्हणजे त्यात सरळसरळ चुकलेले आकडे आहेत, चुकलेली नावं-हुद्दे आहेत, आणि ‘माझ्या बोलण्याचा रोख तसा नव्हता’ ही तक्रारही आहे. ६१ टक्के बातम्यांत चूक असणं आणि ६१ टक्के बातम्या खोट्या असणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तुमच्या धरणाच्या बातमीचंच बघा ना. पाणी सोडलं होतं, धरण भरत आलं होतं, काठावरच्यांना सावध राहायला सांगितलं होतं. बातमी खरीच होती, मापं चुकली होती.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. जो विषय येत नाही त्याबद्दल ‘हे खरं आहे का?’ असं स्वतःला विचारून उपयोग नाही, कारण उत्तर देणार कोण? त्याऐवजी मी एकच प्रश्न विचारते: याला हे कळलं कुठून? लिहिणाऱ्याने पाहिलं, मोजलं, कोणी सांगितलं, कागद वाचला की नुसतं दुसऱ्या बातमीवरून उचललं? हा प्रश्न विचारायला औषधशास्त्र यावं लागत नाही. मराठी वाचता आलं आणि पाचवीपर्यंतचं गणित आठवत असलं की बरंच भागतं.

गणितावरून आठवलं. तुम्ही ‘चार चुका’ लिहिलंत आणि मोजल्यात तीन. मी पत्र दोनदा वाचलं. चौथी कात्रणातही सापडेना. रागावू नका, पण बातमीतली चूक पकडायची पहिली जागा नेमकी हीच. मथळ्यात पाच जण, आतली नावं मोजली तर चार. ‘तीन दिवसांच्या’ परिषदेच्या तारखा १२ ते १५. टक्क्यांची बेरीज ११०. तुम्ही ‘पूर्ण भरले’ आणि ‘९२ टक्के’ यांची गाठ घातलीत, त्याला तुमची एकतीस वर्षांची नोकरी लागली नाही. ते कोणालाही दिसलं असतं, फक्त बातमी आणि चौकट एका दमात वाचायला हवी. बहुतेक वेळा बातमी एकाने लिहिलेली असते, चौकट दुसऱ्याने आणि मथळा तिसऱ्यानेच. जिथे दोन माणसांच्या कामाचा सांधा असतो तिथे फट राहते, म्हणून मी आधी सांधे तपासते.

माझीच एक चूक सांगते. रात्रपाळी होती, वृत्तसंस्थेची इंग्रजी बातमी आली होती: जगात अडीच ‘बिलियन’ लोकांकडे धड शौचालय नाही. मी भाषांतर केलं ‘अडीच कोटी’. मथळ्यातही तेच. सकाळी एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘एवढेच असते तर फार बरं झालं असतं हो.’ बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे शंभर कोटी. मला लिहायचे होते अडीचशे कोटी. बाईंना स्वच्छतेच्या आकडेवारीचा गंध नव्हता. त्यांनी फक्त जगाची लोकसंख्या मनात आणली आणि माझा आकडा शेजारी ठेवून पाहिला: एवढ्या मोठ्या जगात अडीच कोटी म्हणजे हजारात तीन-चार माणसं. ती संख्या त्यांच्या डोळ्यांना खुपली.

तेव्हापासून मी कुठलाही मोठा आकडा दिसला की त्याला भागून बघते. इतके कोटी रुपये इतक्या लोकांना, मग माणशी किती? इतकी झाडं एका दिवसात, मग मिनिटाला किती? मिलियनचे दहा लाख, बिलियनचे शंभर कोटी, ट्रिलियनचे लाख कोटी, ही तीन रूपांतरं पाठ असली की भाषांतरित बातम्यांतली निम्मी गफलत पकडता येते. तापमानाचीही एक नेहमीची गंमत आहे. ‘सरासरी तापमान २ अंश सेल्सिअसने वाढेल’ हे वाक्य कोणीतरी फॅरेनहाइटमध्ये बदलतं आणि ‘३५.६ अंशांनी वाढेल’ असं छापतं. २ अंश तापमान म्हणजे ३५.६ फॅरेनहाइट हे बरोबर. पण २ अंशांची वाढ म्हणजे ३.६ फॅरेनहाइटची वाढ. गणकयंत्राने उत्तर बरोबर दिलं, प्रश्नच चुकीचा विचारला होता.

गर्दीचे आकडे तर घरबसल्या तपासता येतात. अमेरिकेत बर्कलीला पत्रकारिता शिकवणाऱ्या हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात याची सोपी रीत काढली. त्यांच्या खिडकीतून खालचं पटांगण दिसायचं, तिथे विद्यार्थ्यांच्या सभा भरत आणि फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी चौकोनातली डोकी मोजली. मोकळ्या गर्दीत माणशी १० चौरस फूट जागा लागते, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी चेंगराचेंगरीची वेळ आली तर अडीच. मीटरमध्ये सांगायचं तर अगदी चेंगराचेंगरीतसुद्धा एका चौरस मीटरवर चारच्या आसपास माणसं मावतात. आता समजा बातमी म्हणते, २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद मैदानावर पाच लाखांची सभा झाली. मैदान २० हजार चौरस मीटर. व्यासपीठ, वाटा, दोऱ्या यांना जागाच दिली नाही आणि सगळे अंगाला अंग लावून उभे राहिले, तरी ८० हजार. पाच लाख मावायला मीटरभर चौकोनात २५ माणसं लागतील. एकमेकांच्या खांद्यावर उभे केले तरी कठीणच! इथे परत तोच प्रश्न: पाच लाख हे कळलं कुठून? उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं, आयोजकांनी सांगितलं. मग बातमीदाराने ‘आयोजकांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द घालायला हवे होते. दोन शब्दांची जागा वाचवताना बातमी खरी राहिली नाही.

औषधाच्या बातमीला जरा वेळ देते, कारण तुमची झोप तिथेच उडाली.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने एक इशारा दिला: काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका दुपटीने वाढतो. बातमी झाली ‘धोका दुप्पट’. कोणी ‘१०० टक्के वाढ’ असंही म्हटलं. बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यामुळे सुमारे १३ हजार जादा गर्भपात झाले असा अंदाज आहे. आता दुप्पट म्हणजे कितीच्या दुप्पट? जुन्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० बायकांमागे एकीला गुठळीचा त्रास होत होता. नव्या गोळ्यांत ७,००० मागे दोघींना. म्हणजे वाढ झाली ७,००० मागे एकीची. आणि खुद्द गरोदरपणात गुठळीचा धोका या दोन्हींहून जास्त असतो.

या बातमीत खोटं काहीच नव्हतं. ‘दुप्पट’ हा शब्द गणिताने अचूक होता. नव्हता तो छेद. म्हणून आरोग्याच्या बातमीत ‘निम्म्यावर’, ‘तिप्पट’, ‘४० टक्क्यांनी कमी’ असं काही दिसलं की मी पुढे-मागे शोधते: आधी किती जणांत किती, आता किती जणांत किती? ते कुठेच नसेल तर बातमी अर्धी आहे असं समजून पुढे जाते. तिच्यावर विश्वासही ठेवत नाही आणि तिला खोटीही म्हणत नाही. हा तिसरा कप्पा पुतण्याकडे नाही, त्याला करून द्या.

टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लतही याच घराण्यातली. व्याजदर ४ वरून ५ टक्क्यांवर गेला तर तो एका टक्केबिंदूने वाढला आणि २५ टक्क्यांनीही वाढला. दोन्ही खरं. मथळ्यात कोणतं घ्यायचं हे लिहिणाऱ्याला घाबरवायचंय की शांत करायचंय यावर ठरतं.

औषधाची बातमी येते कुठून, हेही बघा. बातमीदार प्रयोगशाळेत गेलेला नसतो. बहुतेकदा विद्यापीठाचं किंवा कंपनीचं प्रसिद्धीपत्रक आलेलं असतं. २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने कार्डिफच्या संशोधकांचा एक अभ्यास छापला. त्यांनी ब्रिटिश विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धीपत्रकं, त्यामागचे मूळ शोधनिबंध आणि त्यावरून झालेल्या बातम्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. वाचकांना द्यायच्या सल्ल्यात फुगवटा असलेली पत्रकं ४० टक्के निघाली. नुसता संबंध दिसला असताना ‘यामुळे ते होतं’ असं म्हणणारी ३३ टक्के. प्राण्यांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष माणसांना लावून टाकणारी ३६ टक्के. आणि पत्रकात फुगवटा असला की बातमीतही तो येण्याची शक्यता बरीच वाढत होती. आम्हा पत्रकारांना शिव्या घालायच्या तर घाला, त्या आमच्या हक्काच्या आहेत. पण दूध नासलं होतं ते बरेचदा आमच्या दारात येण्याआधीच.

तेव्हा औषधाची बातमी वाचताना ‘उंदरांवर’ हा शब्द शोधा. तो असलाच तर शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ती. आपली भाषा. बातम्यांची मराठी कर्ता लपवण्यात फार तरबेज आहे. ‘असे समजते.’ कोणाला? ‘अशी चर्चा आहे.’ कोणाकोणात, आणि बातमीदार त्या चर्चेत होता की चर्चेची चर्चा ऐकून आला? ‘बोलले जात आहे’, ‘सांगण्यात येते’, ‘खळबळ उडाली आहे’, ‘संताप व्यक्त होत आहे’. या क्रियापदांना कर्ताच नाही. जिथे कर्ता सापडत नाही तिथे थांबायचं. पुष्कळदा त्यामागे एकच माणूस असतो, आणि काही वेळा तो एक माणूस खुद्द बातमीदारच असतो.

दुसरी जात जास्त धूर्त. ‘म्हटले’, ‘सांगितले’ हे साधे शब्द. बोलणारा बोलला, खरं-खोटं त्याचं त्याच्यापाशी. पण ‘स्पष्ट केले’ म्हटलं की तो खरंच बोलतोय असं बातमीदाराने परस्पर ठरवून टाकलं. ‘कबूल केले’ म्हटलं की गुन्हा झालाच. ‘दावा केला’ म्हटलं की वाचकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. ‘फेटाळून लावले’ यात नुसता नकार आहे, ‘खोडून काढले’ यात पुरावा दिल्याचा भास आहे. माझ्या पहिल्या वर्षी आमचे वरिष्ठ उपसंपादक लाल पेनाने माझ्या प्रत्येक ‘स्पष्ट केले’ला गोल करून समासात लिहायचे, ‘तुला स्पष्ट झालं का?’ तेव्हा चिडायचे. आता तोच लाल पेन मनात घेऊन वाचते.

एक वाक्य घेऊ. मी आत्ताच बनवलंय, पण रोज भेटतं तुम्हाला: ‘या नव्या उपचारामुळे हजारो रुग्णांना मोठा दिलासा मिळणार असल्याचे स्पष्ट झाले आहे.’ वाचताना कसं गुळगुळीत वाटतं. आता बोट ठेवत चला. ‘हजारो’ म्हणजे किती, दोन हजार की नव्व्याण्णव हजार? हा आजार असलेले सगळे रुग्ण मोजलेत की उपचार परवडणारे? ‘मोठा दिलासा’ म्हणजे आयुष्य वाढणार, दुखणं कमी होणार की नुसता दवाखान्यातला एक फेरा वाचणार? ‘मिळणार’ हा भविष्यकाळ, ‘स्पष्ट झाले’ हा भूतकाळ. अजून न घडलेली गोष्ट आधीच स्पष्ट कशी झाली? आणि स्पष्ट झालं ते कोणाला, कशावरून? बारा-पंधरा शब्दांच्या वाक्यात माहिती एवढीच उरली, की एक नवा उपचार आहे आणि कोणीतरी त्याबद्दल चांगलं बोललं. तुम्हाला औषधातलं काही कळावं लागलं का यासाठी?

पुष्कळ जण म्हणतात, ‘पण ही बातमी सगळीकडे आली होती!’ सगळीकडे आली म्हणजे दहा जणांनी तपासली असं नव्हे. फेब्रुवारी २००९ मध्ये जर्मनीला नवे अर्थव्यवस्था व तंत्रज्ञान मंत्री मिळाले, कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग. सरदार घराणं, नावांची ही लांबलचक माळ. कोणीतरी विकिपीडियावर त्या माळेत ‘विल्हेल्म’ हे एक मणी गुपचूप ओवून दिलं. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी ते नाव छापलं, ‘बिल्ड’ने तर पहिल्या पानावर. मग विकिपीडियावर कोणी शंका काढली तेव्हा पुरावा म्हणून दाखवल्या त्याच वृत्तपत्रांच्या बातम्या. गोल पूर्ण! म्हणून ‘सगळीकडे’ आलेल्या बातमीत मी सगळ्यांची वाक्यं शेजारी ठेवते. शब्दन् शब्द तोच असेल, अगदी चूकही तीच असेल, तर दहा ठिकाणची ती एकच बातमी आहे. निराळा माणूस, निराळा कागद, निराळ्या शब्दांत तीच माहिती देत असेल तरच तिला दोन मतं पडली असं धरायचं.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यवसायाने तथ्य तपासणारे लोक यांना अनोळखी संकेतस्थळं दिली आणि ते कसे वाचतात ते पाहिलं. प्राध्यापक आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि त्याच्या देखण्या रूपाला फसले. तपासनीस पान अर्धवट सोडून बाहेर पडले आणि ‘हे आहेत कोण?’ ते दुसरीकडे शोधायला लागले. मुलीकडच्यांनी स्थळाची चौकशी करताना मुलालाच विचारू नये, शेजाऱ्यांना विचारावं, तसंच.

तारीख मात्र आधी बघा, इतर सगळ्याच्या आधी. ८ सप्टेंबर २००८ ची गोष्ट. युनायटेड एअरलाइन्सने दिवाळखोरी जाहीर केल्याची डिसेंबर २००२ मधली बातमी एका अमेरिकी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर पडून होती आणि त्या पानावर मूळ तारीख दिसत नव्हती. गूगल न्यूजने ती ताजी समजून उचलली, तिथून ती शेअर दलालांच्या पडद्यांवर गेली आणि १२ डॉलरच्या आसपास असलेला शेअर बघता बघता ३ डॉलरपर्यंत कोसळला. व्यवहार थांबवावे लागले. बातमीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं, ती पावणेसहा वर्षं शिळी होती एवढंच. एका जरी वाचकाने मधेच ‘आज कोण काय म्हणालं?’ हे शोधलं असतं तर त्यात आजचं काहीच नाही हे दिसलं असतं.

मथळ्याबद्दल दोनच ओळी. तो बातमीदार लिहीत नाही, डेस्क लिहितं, आणि जागेच्या मापाने लिहितं. ‘शक्यता’, ‘काही’, ‘प्राथमिक’ हे शब्द लांब असतात म्हणून मथळ्यातून आधी तेच जातात. मथळा आणि बातमी भांडत असतील तर बातमीची बाजू घ्या.

पत्र लिहून उपयोग असतो का? खरं सांगते, थोडाच. त्याच मायर यांनी पुढे पाहिलं तर चुकलेल्या बातम्यांपैकी दुरुस्ती छापली गेलेल्या दोन टक्केही नव्हत्या. पण त्यातलं एक कारण असं होतं, की चूक दिसलेल्या बहुतेकांनी ती कळवलीच नव्हती. मला त्या शाळेतल्या बाईंनी फोन केला नसता तर मी आजही बिलियनचे कोटी करत बसले असते. दुरुस्ती उशिरा का होईना, होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १३ जानेवारी १९२० ला अग्रलेखाच्या पानावर अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडर्ड यांची खिल्ली उडवली होती: पोकळीत रॉकेट कशावर रेटून पुढे जाणार, या गृहस्थांना शाळेतलंही विज्ञान येत नाही! दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ ला. अपोलो ११ तेव्हा चंद्राच्या वाटेवर होतं. गॉडर्ड जाऊन जवळजवळ २४ वर्षं झाली होती.

तेव्हा लिहा, पण ‘आपल्या दैनिकाचा दर्जा खालावला आहे’ याने सुरुवात करू नका. असं पत्र डेस्कवर कोणी पूर्ण वाचत नाही, मी तरी वाचत नसे. कोणत्या तारखेचा अंक, कोणतं पान, कोणतं वाक्य, त्याजागी काय हवं आणि तुम्हाला ते कसं माहीत. बस्स. तुमच्या बाबतीत साधारण असं: ‘क्युसेक हे प्रवाहाचं माप आहे, साठा टीएमसीत म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतात. ११,५७४ क्युसेक आवक सलग २४ तास राहिली तर १ टीएमसी पाणी येतं. बातमीतली १२ हजार क्युसेक ही आवक असेल आणि ती रात्रीचे १२ तास टिकली असेल, तर धरणात साधारण अर्धा टीएमसी पाणी आलं. मी एकतीस वर्षं या नोंदी ठेवल्या आहेत.’ शेवटचं वाक्य गाळू नका. डेस्कवरच्या मुलीलाही विचारता यायला हवं, याला हे कळलं कुठून. आणि खाली फोन नंबर द्या. पुढच्या पावसाळ्यात ती तुम्हालाच फोन करेल.

राहता राहिलं कात्रण. दुसऱ्या दिवशी खुलासा छापून आला होता का, ते मी शोधणार होते, पण तुम्ही ते इतकं नीट कडेकडेने कापलंय की वरची पट्टी गेली. अंक कुठला आणि कोणत्या तारखेचा, काहीच दिसत नाही. रद्दीत तो अंक अजून असेल तर बघून कळवा.